नापासांनी लिहिलेला शाळेचा इतिहास

शाळेचा इतिहास बहुधा शाळा चालविणारेच लिहितात. रौप्यमहोत्सव आला, सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका निघते. तीत बिशपमहोदयांचा आशीर्वाद असतो, व्यवस्थापक धर्मगुरूंचे मनोगत असते, संस्थापकांची छायाचित्रे असतात, शालान्त परीक्षेच्या निकालांचा तक्ता असतो आणि पुढे डॉक्टर, इंजिनिअर, धर्मगुरू वा धर्मभगिनी झालेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी असते. हे सारे योग्यच आहे. ज्यांनी कष्ट उपसले त्यांचे स्मरण व्हावयासच हवे. तथापि अशा स्मरणिकांत एक विद्यार्थी आम्हांस आजवर भेटलेला नाही. चौथीत दोनदा बसून जो शेतावर, बोटीवर अथवा वीटभट्टीवर गेला आणि ज्याचे नाव हजेरीपटावरून मुकाट्याने कमी झाले, त्या विद्यार्थ्याचे मनोगत कोणी मागितलेले नसते आणि म्हणून ते छापलेलेही नसते.

ज्या पुस्तकाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, ते अशाच विद्यार्थ्यांनी लिहिलेले आहे. इटलीतील बार्बियाना नावाच्या डोंगरवस्तीत एका धर्मगुरूने चालविलेल्या शाळेतील आठ मुलांनी मिळून ते लिहिले आणि १९६७ च्या मे महिन्यात ते फ्लॉरेन्स येथे प्रसिद्ध झाले. मूळ इटालियन नावाचा अर्थ 'एका शिक्षिकेस पत्र' असा आहे. १९७० साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि पुढे मराठीतही ते 'प्रिय बाई' या नावाने अवतरले. मराठी नाव मोठे समर्पक आहे. आपल्याकडे शाळेत 'बाई' म्हटले की आदर, धाक आणि जवळीक या तिन्ही गोष्टी एकदम मनात येतात, आणि या पुस्तकातील मुलांच्या मनात त्या शिक्षिकेविषयी ह्याच तीन भावनांचे युद्ध चाललेले आहे.

पुस्तक शिक्षिकेला उद्देशून असले, तरी ते शिक्षकांसाठी लिहिलेले नाही, असा खुलासा मुलांनी आरंभीच केला आहे. ते पालकांसाठी आहे. पालकांनी एकत्र यावे, यासाठी आहे. म्हणूनच शिक्षणशास्त्राच्या नियतकालिकांवर सोडून न देता धर्मग्रामातील कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या ह्या त्रैमासिकात त्याची चर्चा करणे आम्हांस उचित वाटते.

प्रथम त्या धर्मगुरूंचा परिचय करून देणे अवश्य आहे. लोरेंझो मिलानी यांचा जन्म २७ मे १९२३ रोजी फ्लॉरेन्सच्या एका सधन, विद्याव्यासंगी घराण्यात झाला. आई ज्यू वंशाची. घरी पुस्तकांची रेलचेल होती, धर्माचरण मात्र फारसे नव्हते. तरुणपणी त्यांनी चित्रकलेचा अभ्यास केला. १९४३ साली त्यांचे मनःपरिवर्तन झाले, त्याच वर्षी ते सेमिनरीत दाखल झाले आणि १९४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्यांची नेमणूक फ्लॉरेन्सजवळच्या सान दोनातो या कामगारवस्तीच्या धर्मग्रामात झाली. तेथे त्यांच्या ध्यानी आले, की आपले प्रवचन लोकांच्या कानांवर पडते खरे, परंतु आत उतरत नाही. कारण ज्या शब्दांत आपण बोलतो ते शब्दच त्यांच्यापाशी नाहीत. म्हणून त्यांनी तरुण कामगारांसाठी रात्रशाळा काढली. साम्यवादी विचारांच्या तरुणांनाही तेथे परकेपणा वाटू नये, म्हणून वर्गातील क्रूस त्यांनी भिंतीवरून उतरविला. ह्या व अशा अनेक गोष्टींमुळे आसपासच्या धर्मगुरूंशी त्यांचे जमेना. १९५४ च्या डिसेंबरात त्यांची बदली मुजेल्लो खोऱ्यातील मोंते जोवी डोंगरावर, बार्बियाना येथे झाली.

बार्बियाना हे धड गावदेखील नव्हते. एक चर्च, त्याला लागून धर्मगुरूंचे घर, एक दफनभूमी आणि रानात विखुरलेली काही शेतकऱ्यांची घरे, एवढाच पसारा. पक्का रस्ता नव्हता, वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. तिथे पाठविणे म्हणजे अडगळीत टाकणे, हे सर्वांस ठाऊक होते. डॉन मिलानींनी काय करावे? तेथे पोहोचताच त्यांनी दफनभूमीत स्वतःसाठी जागा विकत घेतली. एकतीस वर्षांच्या धर्मगुरूने आपली कबर आधी घ्यावी आणि मग शाळा उघडावी, ह्यातील अर्थ आपल्यासारख्या, दर पाच-सहा वर्षांनी बदलीची चिठ्ठी घेऊन नव्या धर्मग्रामात जाणाऱ्या धर्मगुरूंना तरी समजावून सांगावयास नको.

शाळा सुरू झाली ती प्राथमिक शिक्षण कसेबसे संपवून घरी बसलेल्या मोजक्या मुलांना घेऊन. हळूहळू अन्य शाळांनी नापास करून घालवून दिलेली मुले डोंगर चढून येऊ लागली. तिचे जे वर्णन मुलांनी केले आहे, ते वाचताना नजरेसमोर एक चित्र उभे राहते. बाके नाहीत, फळा नाही. मोठी मेजे आहेत. त्यांच्याभोवती बसून शिकायचे आणि त्यांच्यावरच जेवायचे. प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत, आणि तिच्यावर ओणवी झालेली मुले. शिकविणारा बहुधा थोड्या मोठ्या वयाचा मुलगाच. त्यांतील सर्वांत थोरला सोळा वर्षांचा, सर्वांत धाकटा बारा वर्षांचा. सकाळपासून रात्रीपर्यंत शाळा, वर्षाचे बाराही महिने. सुट्टी रविवारीदेखील नाही. रोजचे वर्तमानपत्र वाचायचे, त्यातील एकेका शब्दापाशी थांबायचे, तो कोठून आला, त्याचा गोतावळा कोणता, त्याने कोणाचे भले होते व कोणाला चकविले जाते, हे शोधायचे. उन्हाळ्यात मोठ्या मुलांनी परदेशी जाऊन, तेथे काम करून पोट भरायचे आणि तेथील भाषा शिकून यायचे. इतके कष्ट मुलांना सोसवत कसे, असा प्रश्न पडतो. ज्याच्या घरच्या गोठ्यात छत्तीस गायी होत्या त्या लुचो नावाच्या मुलाचे उत्तर पुस्तकात आहे. ते त्याच्याच रांगड्या शब्दांत येथे देण्याची सोय नाही. शेणात हात घालण्यापेक्षा शाळा केव्हाही बरी, असा त्याचा मथितार्थ आहे.

मात्र ह्या शाळेचा प्राण या तपशिलांत नाही. तो एका नियमात आहे. जो मुलगा मंद, मागासलेला, घरी कोणी सांगणारे नाही असा, तो ह्या शाळेत लाडका. वर्गात पहिला येणाऱ्या मुलाचे इतरत्र जसे कौतुक होते, तसे तेथे त्याचे होई. त्याला समजल्याखेरीज बाकीचे पुढे सरकत नसत. शाळा आपल्यासाठीच काढलेली आहे असे त्याला वाटे. शंभरांतील नव्व्याण्णव सोडून एका मेंढरामागे जाणाऱ्या मेंढपाळाचा दाखला आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. तो वेळापत्रकात बसविलेला आम्ही प्रथमच पाहिला.

हे पत्र लिहिण्याचे निमित्त असे घडले. बार्बियानाची दोन मुले प्राथमिक शिक्षक घडविणाऱ्या शासकीय विद्यालयात परीक्षेस बसली आणि नापास झाली. वाचकांनी ह्यातील विपरीतता ध्यानी घ्यावी. ज्यांनी बाराव्या-चौदाव्या वर्षापासून लहानांना शिकविले होते, तेच शिक्षक होण्यास नालायक ठरले. मिलानी तेव्हा असाध्य रोगाने अंथरुणाला खिळले होते. रडत बसण्याऐवजी ह्या अन्यायाचा अभ्यास करा, असे त्यांनी मुलांना सुचविले आणि जवळजवळ वर्षभर मुले त्या कामाला लागली.

वाङ्मय म्हणून या पुस्तकाचा विचार करू लागलो म्हणजे सर्वप्रथम त्याची भाषा डोळ्यांत भरते. लहान लहान वाक्ये, एकही शब्द वावगा नाही, विशेषणांची उधळण नाही. आठ जणांनी लिहिलेले असूनही ते एकाच मुलाने लिहिल्यासारखे वाटते. ही किमया कशी साधली, हे मुलांनी पुस्तकातच सांगून टाकले आहे. प्रत्येकाने खिशात वही बाळगायची, सुचेल तो विचार टिपायचा आणि एका चिठ्ठीवर एकच विचार लिहायचा. मग सगळ्या चिठ्ठ्या मेजावर पसरायच्या, सारख्या असतील त्या काढून टाकायच्या, एका विषयाच्या एकत्र ठेवायच्या, त्यांचे ढीग करायचे. प्रत्येक ढिगाचे प्रकरण, प्रकरणातील लहान ढिगांचे परिच्छेद. शेवटी जो जास्तीचा शब्द दाखवील, लांबलेले वाक्य तोडील, अवघड शब्दाऐवजी सोपा सुचवील तो जिंकला. नंतर मजकूर बाहेरच्या माणसांना, फार न शिकलेल्यांनासुद्धा, वाचून दाखवायचा आणि त्यांना जे कळले नाही ते पुन्हा लिहायचे. सामूहिक लेखनाची ही रीत मुळात मारियो लोदी ह्या प्राथमिक शिक्षकाच्या वर्गाशी १९६३ साली झालेल्या पत्रव्यवहारातून बार्बियानाला लाभली होती. लेखन म्हणजे दैवी स्फुरण असे मानणाऱ्या आपल्या साहित्यिक मंडळींनी हे प्रकरण अवश्य वाचावे. आणि रविवारच्या प्रवचनाची तयारी शनिवारी रात्री करणाऱ्या आम्हां धर्मगुरूंनीही वाचावे.

पुस्तकात दोन मुले वारंवार भेटतात. एक जान्नी, शेतकऱ्याचा पोरगा. दुसरा पिएरिनो, डॉक्टरांचा चिरंजीव. पिएरिनोला शाळेत येण्यापूर्वीच लिहिता-वाचता येते, कारण घरी बोलली जाते तीच शाळेची भाषा, आणि घरात पुस्तके आहेत. जान्नीच्या घरी बोलतात ती डोंगरातील बोली. शाळा दोघांपुढे एकच प्रश्नपत्रिका ठेवते आणि आपण निःपक्षपाती आहोत असे समजते. पिएरिनो पुढच्या वर्गात जातो, जान्नी मागे राहतो. मागे राहिलेला जान्नी लहान मुलांत अवघडून बसतो, वर्षभराने पुन्हा नापास होतो आणि मग कामाला लागतो. त्याला नापास कोणी केले? त्याच्या बुद्धीने की घरच्या भाषेने? मुलांनी ह्या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात दिलेले नाही. सरकारी आकडेवारी गोळा केली, तक्ते केले, आलेख काढले, आणि नापासांची रास कोणाच्या दारापुढे जमते हे दाखवून दिले. इटलीने १९६२ च्या कायद्याने चौदाव्या वर्षापर्यंतच्या मुलांसाठी एकच समान माध्यमिक शाळा निर्माण केली होती. कागदावर दार सताड उघडे होते. मुलांचे म्हणणे असे, की उंबरठा मात्र तसाच ठेवला होता.

त्यांनी उपायही सुचविले आहेत आणि ते तीनच आहेत. सक्तीच्या शिक्षणाच्या वयात कोणास नापास करू नये. जे मंद वाटतात त्यांना पूर्ण दिवसाची शाळा द्यावी. जे आळशी वाटतात त्यांना शिकण्याला एक उद्दिष्ट द्यावे. हे उद्दिष्ट कोणते? परीक्षा, पदवी, नोकरी ही नव्हेत. आपण शेजाऱ्याच्या उपयोगी पडावे, हेच. बार्बियानाच्या भिंतीवर 'आय केअर' हे दोन इंग्रजी शब्द लिहिलेले होते. मला त्याचे सोयरसुतक आहे, ते माझ्या काळजाला लागते, असा त्याचा अर्थ. 'मला काय त्याचे' ह्या फॅसिस्टांच्या घोषणेला दिलेले ते उत्तर होते.

आता ज्या प्रश्नासाठी आम्ही हा लेखनप्रपंच मांडला, त्याकडे वळू. ही शाळा कॅथलिक होती काय? पुस्तकात प्रार्थना फारशा नाहीत, धर्मशिक्षणाचा तास नाही, संतांची चरित्रे नाहीत. कोणी निधर्मी वाचकाने ते वाचले तर एका धर्मगुरूच्या छायेत ते लिहिले गेले, हे त्याच्या लक्षातही येणार नाही. मिलानींच्या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मग्रामातील अनुभवांवरील ग्रंथाची विक्री रोमच्या आज्ञेने त्याच वर्षी थांबविण्यात आली होती. मात्र २०१४ साली त्या मनाईस आता काही अर्थ उरला नसल्याचे व्हॅटिकनने कळविले आणि २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस स्वतः बार्बियानाचा डोंगर चढून त्यांच्या कबरीपाशी प्रार्थनेस गेले. ज्या मान्यतेसाठी ते धर्मगुरू आयुष्यभर आपल्या बिशपांकडे आशेने पाहत राहिले, ती त्यांच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी मिळाली.

परंतु ख्रिस्तसभेची मान्यता मिळाली म्हणून शाळा कॅथलिक ठरली असे म्हणणे वरवरचे होईल. आपल्याच परंपरेत मागे जाऊन पाहू. १५९७ साली संत जोसेफ कालासान्झ यांनी रोमच्या त्रास्तेवेरे भागातील सांता दोरोतेआ चर्चमध्ये गरिबांच्या मुलांसाठी विनामूल्य शाळा उघडली. रस्त्यावर भटकणारी मुले हेच तिचे विद्यार्थी. १६७९ साली फ्रान्समधील रेंस शहरात संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल यांनी निर्धन मुलांच्या शाळांचे काम हाती घेतले. त्या काळी वाचन शिकवायचे ते लॅटिनमधून, अशी रूढी होती. कारागिराचे पोर दोन-तीन वर्षे लॅटिन अक्षरे घोकी आणि फ्रेंचही धड वाचता न येता कामाला लागे. दे ला साल यांनी ती रूढी मोडली आणि वाचनाचा आरंभ मातृभाषेतून केला. त्यांच्या शाळांतून दिवसाच्या प्रत्येक प्रहराला प्रार्थना होती, बार्बियानात ती तशी नव्हती. तरीही ह्या तिन्ही शाळांची कुळी एकच आहे, असे आमचे मत आहे. प्रत्येकीने आधी एक मूल निवडले, ज्याला दुसरी शाळा घेत नव्हती ते; आणि मग त्या मुलाला जी भाषा, जो वेळ, जे पुस्तक लागेल त्याप्रमाणे शाळेची घडण केली. कॅथलिक प्राथमिक शाळेचे शील आम्ही ह्यावरून ओळखतो. सान दोनातोच्या वर्गातील क्रूस उतरविण्याचे अनुकरण कोणी करावे असे आम्ही सुचवीत नाही. आमच्या वर्गांत तो असावा, असेच आम्हांस वाटते. मात्र तो भिंतीवर असला, की त्याच्या नजरेसमोर शेवटच्या बाकावर कोण बसले आहे आणि कोण बसेनासे झाले आहे, ह्याचा हिशेब द्यावा लागतो.

पुस्तकाचे गुण सांगितले. दोष झाकून ठेवणे समीक्षकाच्या धर्मात बसत नाही. पहिला दोष न्यायाचा. ह्या पत्रातील शिक्षिकेला तोंडच नाही. तिच्या वर्गात किती मुले होती, अभ्यासक्रम कोणी ठरविला, वरिष्ठांचा धाक किती होता, हे तिला कोणी विचारीत नाही. साऱ्या व्यवस्थेचे पाप एका पगारी शिक्षिकेच्या पदरात टाकले गेले आहे. गंमत अशी, की हे पत्र रचताना मुलांच्या शेजारी एक शिक्षिकाच बसलेली होती. आदेले कोर्रादी या शासकीय शाळेतील शिक्षिका १९६३ पासून बार्बियानात मदतीस येत असत. पत्रातील बाईंना दुसरी एक बाजू असू शकते, ह्याचा जिवंत पुरावा मेजापाशी असताना तो कागदावर उतरू नये, ह्याचे वाईट वाटते.

दुसरा दोष आनंदाचा. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय आणि अभिजात काव्य म्हणजे श्रीमंतांचा शौक, असा सूर पुस्तकात ठिकठिकाणी लागतो. जुन्या कवीची अवघड भाषा गरिबांच्या मुलांवर लादू नये, हे ठीक. परंतु ते काव्य समजून घेण्याचा हक्कही त्यांना आहे, हे त्यांच्या गुरूंनी सांगावयास हवे होते. विटीदांडू आणि कविता ही केवळ डॉक्टरांच्या मुलाची मिरास का असावी?

तिसरा दोष टिकाऊपणाचा. २६ जून १९६७ रोजी, पुस्तक निघाल्यानंतर जेमतेम महिन्याभराने, डॉन मिलानी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी निवर्तले आणि त्यांच्यामागे ती शाळाही फार काळ उरली नाही. दे ला साल यांच्या शाळा उरल्या, कारण सामान्य कुवतीच्या शिक्षकालाही चालविता येईल अशी नियमावली त्यांनी लिहून ठेवली होती. ती त्यांच्या निधनानंतर १७२० साली छापली गेली आणि देशोदेशी पोहोचली. मिलानींची शाळा एका माणसाच्या तेजावर चालली. शाळा चालविण्याची युक्ती त्यांना कोणी विचारली, तर युक्तीपेक्षा चालविणारा माणूस कसा आहे हे पाहा, अशा आशयाचे उत्तर ते देत. उत्तर खरे आहे. पण सर्वच धर्मग्रामांना मिलानी मिळत नसतात आणि सोमवारी सकाळी वर्ग तर भरवावाच लागतो.

हे दोष मान्य करूनही पुस्तक खाली ठेववत नाही, कारण वाचता वाचता ते आपल्या घरासंबंधी बोलू लागते. वसईपट्ट्यातील आपले मूल घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलते, शाळेच्या पुस्तकात त्याला प्रमाण मराठी भेटते आणि आता तर बालवर्गापासून इंग्रजी. इंग्रजीशी आमचे वैर नाही. बार्बियानाची मुले तर परक्या देशी राबून भाषा शिकत होती. पण त्यांनी ती आपल्या भाषेवर पाय रोवून शिकली. जी आई इंग्रजीतील सूचनापत्र शेजारणीकडून वाचून घेते, तिचे मूल पहिल्याच दिवशी जान्नी होते. शिकवणी लावण्याची ऐपत असलेल्याचे पिएरिनो होते. १६१६ साली ख्रिस्तपुराण मराठीत रचून फादर स्टीफन्स यांनी या मातीतील माणसाला त्याच्याच वाणीत गाठले होते. मराठी माध्यमाचे वर्ग ओस पडू लागले म्हणून आपण जेव्हा त्यांना कुलूप लावतो, तेव्हा त्या वर्गातील शेवटची आठ-दहा मुले कोणाची होती, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? बहुधा ती आदिवासी पाड्यावरची, मजुराची, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीयाची असतात.

नापासीचेही तसेच. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत कोणास एकाच वर्गात अडकवून ठेवू नये असे ठरविले, आणि बार्बियानाच्या मुलांची पहिली मागणी आपल्या देशात कायदा होऊन आली. तिची दुसरी मागणी, अधिक वेळ देण्याची, कोणी मनावर घेतली नाही. मुले न शिकताच वर चढू लागली अशी ओरड झाली आणि २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत पुन्हा अडविण्याची मुभा राज्यांना मिळाली. आमच्या मते दोष न अडविण्याचा नव्हता. न अडविता न शिकविण्याचा होता. आणि जेथे कायदा पोहोचत नाही तेथे आपली चतुराई पोहोचते. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीतील कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून सतरा नंबरचा फॉर्म भरण्याचा 'प्रेमाचा सल्ला' देणाऱ्या शाळा महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. त्यांत आपल्या शाळा असू नयेत, एवढी तरी अपेक्षा करावी की नाही?

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना ह्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागांचे बंधन आपल्यावर आले नाही. २०२५ च्या सप्टेंबरात न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निर्णयाविषयी शंका उपस्थित करून तो प्रश्न सरन्यायाधीशांपुढे ठेवला. घटनेने दिलेला आपला हक्क जपला पाहिजे, याविषयी दुमत नाही. तथापि हक्क कशासाठी जपायचा, हेही ठरविले पाहिजे. १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने गरिबांची, कुटुंबाच्या आधाराला मुकलेल्यांची विशेष काळजी घ्यावी असे सांगितले आहे. १९७७ साली रोमहून कॅथलिक शाळेविषयी जे पत्रक निघाले, त्यात तर शाळा केवळ सधनांकडे वळली तर ती विषमतेलाच हातभार लावील, असा स्पष्ट इशारा आहे. कालासान्झना आणि दे ला साल यांना कोणत्याही सरकारने टक्केवारी नेमून दिलेली नव्हती. बंधन नसताना जे मूल आपण आत घेतो, त्यावरूनच आपल्या हक्काचा उपयोग जगाला कळतो.

धर्मग्रामातील कुटुंबांनी हे पुस्तक घरात वाचावे, अशी आमची शिफारस आहे. भाषा सोपी आहे. आठवीतील मुलालाही ते वाचता येईल. पालक-शिक्षक सभेत आपण बहुधा आपल्याच पाल्याचे गुण विचारतो आणि ते कळले की उठून निघतो. पुढच्या सभेत एक प्रश्न अधिक विचारून पाहावा : या वर्षी शाळा सोडून गेलेली मुले किती, आणि त्यांच्या घरी कोण जाऊन आले? उत्तर मिळाले तर शाळेचे अभिनंदन करावे. मिळाले नाही, तर रागावू नये, बाईंना दोष देऊ नये. पत्ता विचारून घ्यावा आणि संध्याकाळी आपणच जाऊन यावे. शाळेच्या पुढच्या महोत्सवी स्मरणिकेत एक पान त्या मुलासाठी राखून ठेवता आले, तर ती स्मरणिका आम्ही आवडीने वाचू.